त्राटिकेच्या कपाळावरचा गुलाब

वैशाखऱ्याच्या पाड्यावरचा लखमा तसा गरीब गाय. पण चैत्रातल्या बोहाड्यात, देवादानवांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, पायांत चाळ बांधून त्राटिकेचा मुखवटा चढवला की अंगणातली माणसं चार हात मागं सरत. संबळ कडाडायचा, पिपाणी किंचाळायची, आणि लखमा असा हुंकार द्यायचा की कडेवरची पोरं आयांच्या पदरात तोंड खुपसत. हे सोंग त्याच्या घराण्याचं. मुखवटा बापाच्या, मंगळ्याच्या हातचा. आणि मंगळ्यानं तो आज्याचा जुना मुखवटा कुटून, त्याच कागदाच्या लगद्यातून उभा केलेला. घराण्याची रीतच ती. मुखवटा जीर्ण झाला की घरातल्यानंच कुटायचा, दार लावून. परक्याची नजर पडू द्यायची नाही.

नव्व्याण्णव सालच्या बोहाड्याचं शूटिंग मुरबाडच्या किशोरनं केलं. एरवी तो लग्नांचं करायचा. पाड्यावर टीव्ही नव्हता, त्यामुळे कॅसेट कुणी पाहिली नाही.

मे महिन्यात लखमा घाटरस्त्यावरच्या एका रिसॉर्टात करवंदांची पाटी द्यायला गेला. जेवणाच्या हॉलमध्ये टीव्ही चालू होता, आणि टीव्हीत त्याची त्राटिका नाचत होती. बदामाच्या आकारात! बदामाभोवती गुलाबाची फुलं गरगर फिरत होती, एक तर थेट तिच्या कपाळावर येऊन बसलं. संबळ नाही, पिपाणी नाही. कसलंसं प्रेमाचं गाणं. लोक पापड मोडत हसत होते.

"काका, हे तुम्हीच का?" मॅनेजर म्हणाला. "किशोरनं कॅसेट विकली तेव्हा तुमचं नाव सांगितलं होतं. मस्त कॉमेडी आहे हो! तो मुखवटा आपण इथंच टांगू, टीव्हीच्या वर. रविवारी गाडी पाठवतो."

लखमानं टीव्हीकडं बघत नुसती मान हलवली. मॅनेजरनं तो होकार धरला.

करवंदांची पाटी तिथंच टाकून लखमा जीपला लोंबकळत मुरबाडला पोचला. किशोरच्या दुकानात शिरताच गरजला, "माझी त्राटिका लगीन करते काय रे?"

किशोर दचकला. "काका, ते मिक्सिंग असतं. पार्टीला आवडतं. साधी कॅसेट कोन घेतो?"

"पार्टी? माझा बा मेला तवा पन बदाम लावला असतास तू! उद्या सकाळी कॅमेरा घेऊन पाड्यावर ये. नाय आलास तर मी येतो, मुसळ घेऊन."

किशोर आला. घाबरून आला की शरमून, त्याचं त्यालाच ठाऊक. अंगणात उखळ मांडलेलं, त्यावर त्राटिकेचा मुखवटा, लखमाच्या पायांत भर उन्हात चाळ.

त्याची बायको गोदू आडवी झाली. "अवो, सासऱ्याच्या हातचा हाय तो! आजून दहा वरसं टिकंल! आन दार उघडं टाकून?"

"टिकंल म्हून तर त्यांना टांगायचाय. दारं लावून आमी रीत पाळली, त्यांनी हॉलमदी टांगून हसायचं? आता बघू दे समद्यांना. किशोर, चालू कर! मदी बंद केलास तर बघ."

पहिला घाव नाकावर. "घे बदाम!" दुसरा जिभेवर. "घे गाणं!" तिसऱ्याला एक टवका उडून कॅमेऱ्याच्या भिंगावर आदळला, चरा पडला. किशोर हलला नाही. "घे तुझी कॉमेडी!" चाळ वाजत होते, मुसळ संबळाच्या ठेक्यावर पडत होतं, आणि मुखवटा नसलेल्या त्या तोंडातून तोच हुंकार येत होता. कुंपणापलीकडची माणसं चार हात मागं सरली.

मग मुसळ वरच्या वर थांबलं. रंगाखालचा कागदाचा थर उलटला होता. आत, वाळलेल्या लगद्यात, अंगठ्याचा ठसा होता, रुंद, एका बाजूला चेपलेला. कोयता लागून मंगळ्याचा अंगठा तसाच चेपला होता.

लखमानं त्यावर आपला अंगठा टेकवला.

"बंद करू, काका?" किशोर हळूच म्हणाला.

"नाय. आता तर खरं काम."

त्यानं उखळात पाणी ओतलं आणि सावकाश कुटायला लागला. घाव तेच, पण आता हात कणीक मळणाऱ्याचे. गोदू लगद्यात घालायला चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवायला गेली.

ती कॅसेट किशोरनं मिक्स केली नाही. भिंगही पुढं कितीतरी दिवस बदललं नाही. मुरबाडच्या त्या वर्षीच्या नवरानवरींच्या तोंडांवरून एक बारीक रेघ गेलेली दिसते ती त्यामुळं.

रविवारी रिसॉर्टाची गाडी आली. ओसरीत मातीच्या साच्यावर ओला, करडा लगदा थापून लखमा गालफडं दाबत बसला होता.

"मुखवटा न्यायला आलोय," ड्रायव्हर म्हणाला.

"ह्योच."

"हा? याला तर डोळेच नाहीत."

"आजून नाय." लखमानं मान वर केली, आणि ड्रायव्हर नकळत एक पायरी खाली उतरला. "डोळे ती पुढल्या चैतात उघडंल. मॅनेजरला म्हणावं, तवा अंगणात येऊन बघ. हसू आलं तर हस."

गाडी रिकामी परत गेली. लखमानं अंगठा पाण्यात बुडवला आणि कपाळ दाबायला घेतलं.