कुत्रीचं नाव शेवंता, आईचंही शेवंता

मंडळी, आज मला माझ्या आईचा फार अभिमान वाटला.

माझं माहेर मुरबाडकडचं, सासर सापगावचं. सासूबाईंच्या लाडक्या कुत्रीचं नाव शेवंता. माझ्या आईचंही तेच. लग्नानंतर आई आज पहिल्यांदाच इथे राहायला येणार, म्हणून सगळ्यांनी कुत्रीला राणी म्हणायचं ठरवलं.

आई रिक्षातून उतरली आणि कुत्री भुंकत रस्त्यावर धावली. समोरून टेम्पो येत होता. मी "राणी, राणी" ओरडले, पण ती ऐकेना. तेवढ्यात सासूबाई किंचाळल्या, "शेवंते, मागं फिर!"

कुत्री झटकन मागे फिरली. आईही जागच्या जागी थांबली.

सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "विहीणबाई, राग नका मानू. सोयरीक व्हायच्या आधीचं नाव हाय. बदलतो आमी."

आईने खाली बसून कुत्रीला जवळ घेतलं.

"नका बदलू. त्या नावानं जीव वाचला हिचा. आन् माझी आई गेल्यापासून मला 'शेवंते' म्हणणारं कोणी उरलंच नाय. तुमी हाक मारली, बरं वाटलं."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आईचा हात धरून तिला घरात नेलं.

तुमच्या आईला अशी एकेरी हाक मारणारं कोणी आहे का अजून?