हळू मॅडमचे हात

हळू मॅडम कुणालाही 'ये, बस' म्हणत नसत, 'हळू' म्हणत. दार लावणाऱ्याला हळू, खुर्ची सरकवणाऱ्याला हळू, मोठ्याने हसणाऱ्यालासुद्धा हळू. आमच्या कॉलेजच्या पोरांनी मग त्यांचं बारसंच करून टाकलं. पेठ गावच्या किराणा व्यापाऱ्याची ही लेक. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन. पण बोलणं आम्हा शेतकऱ्यांच्या पोरींपेक्षा गावरान.

मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. काम काचेची टोकं बनवायचं. बारीक काचनळीत प्लॅटिनमची तार घालायची, मधोमध लेझरने तापवायची आणि यंत्राने दोन्हीकडून ओढायची. तुटल्यावर उरणारं टोक केसाहून शेकडो पट बारीक. ते फिरत्या चकतीवर हाताने अलगद टेकवून गुळगुळीत करायचं. आमचा सूक्ष्मदर्शक असं टोक लोखंडावरून फिरवतो, इवलासा विद्युतप्रवाह मोजतो आणि गंज नेमका कुठून धरायला लागतो ते दाखवतो. टोक खडबडीत असेल तर सगळं चित्रच खोटं.

अंगावर साठणाऱ्या विजेची त्यांना भारी धास्ती. नायलॉनची ओढणी दिसली की पोरगी दारातूनच परत. टोक उचलण्याआधी जमिनीला जोडलेल्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचाच. एक मुलगी विसरली. ठिणगी दिसली नाही, काही नाही, टोक मात्र कामातून गेलं. मॅडम रागावल्या नाहीत. "बघितलं? आवाजसुदिक आला न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मग एका हिवाळ्यात त्यांच्याच हातून टोकं मोडायला लागली. चकतीला टेकलं की गेलं. रस्त्यावरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर धडधडायचे, त्याने टेबल हादरतं म्हणून मॅडम त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. आम्ही टेबलाखाली रबर घातलं, टेबल आतल्या खोलीत नेलं. पुढे हंगाम संपून साखर कारखाना बंद झाला, रस्ता मोकळा झाला. टोकं मोडतच राहिली. त्यानंतर ट्रॅक्टरचं नाव आमच्यापैकी कुणी काढलं नाही.

एकदा त्यांच्या घरी गेले तर आईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. डोळ्यांत पाणी, पण चेहरा उजळलेला. "खरं सांग गं पोरी, ही दीक्षा घेती का काय? तोंडाला पट्टी, बोलनं कमी, आमच्यासंगं ताटावर बसत न्हाई. कुणाच्या ध्यानात येऊ दिलं न्हाई बघ!" नातेवाइकांत बातमी पोचलीही होती, दोघी जणी तर मॅडमच्या पाया पडून गेल्या होत्या. पट्टी होती ती श्वासातली वाफ काचेवर बसू नये म्हणून, घरी आल्यावरही त्या ती काढायला विसरत. आणि ताटावर बसत नव्हत्या, कारण वाटीतली आमटी तोंडापर्यंत पोचत नव्हती. हे मला कळत होतं. आईंना कोणत्या तोंडाने सांगणार?

पुण्याच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. बरा होण्यातला नव्हता. "कामामुळं झालं का?" मॅडमनी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. "मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी चकतीसमोरच्या खुर्चीवर मला बसवलं. स्वतः शेजारी बसल्या, हात मांडीखाली दाबून. माझं पहिलं टोक गुळगुळीत निघालं तेव्हा त्या बाहेर निघून गेल्या. मला आनंद करता आला नाही.

शेवटी भेटले तेव्हा त्यांचे शब्दही जड झाले होते. कामाची चौकशी नाही, प्रकृतीची तक्रार नाही. "हात पुढं कर," म्हणाल्या. मी दोन्ही हात पसरले. त्यांनी माझ्या बोटांकडे इतका वेळ पाहिलं की मला ते मागे घ्यावेसे वाटायला लागले. "हायेत नीट. रोज बघत जा." दिवाळीआधी त्या गेल्या.

आता यंत्र सुरू करण्याआधी मी खिडकीशी उभी राहते आणि हात उजेडात धरते. दार आतून लावून घेते, कुणी बघायला नको. आज जरा जास्तच वेळ उभी राहिले.