शाळा आमच्या घरी आली

अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावी सुरू झाली, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी आमच्या शाळेतल्या बहुतेक मुली बीजगणित-भूमितीच्या वाटेला जात नसत. त्याऐवजी गृहशास्त्र घ्यायचं, शिवण-स्वयंपाकाचे धडे गिरवायचे आणि मॅट्रिक व्हायचं. नव्या अभ्यासक्रमानं गणित सगळ्यांना सक्तीचं केलं. चांगलंच केलं, मी कुठं नाही म्हणते? पण "पोरींना काय करायचंय गणित" हेच ऐकत वाढलेल्या मुलींच्या पुढ्यात एकदम प्रमेयं येऊन पडली, आणि नववीच्या सहामाहीनंतर वर्ग गळायला लागला. आज ही नाही, उद्या ती नाही.

माझी ताई त्यातलीच. ती नववीत, मी सहावीत, शाळा एकच. सहामाहीत ती गणितात नापास झाली आणि दिवाळीनंतर शाळेत गेलीच नाही. आईला म्हणायची, डोकं दुखते. डोकंबिकं काही दुखत नव्हतं, लाज वाटत होती तिला. आईबाबांनीही फार ताणलं नाही. घरात काम होतंच.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हातावर हात धरून बसणाऱ्या नव्हत्या. शाळा सुटल्यावर त्यांनी गणिताचा जादा तास सुरू केला, आणि घरी बसलेल्या मुलींच्या आईबापांना समजवायला त्या स्वतः घरोघरी जाऊ लागल्या. नवं गणित शिकवायला शाळेत एक तरुण सर आले होते, मुलींच्या शाळेत तेवढे एकच पुरुष. त्यांनाही बाई सोबत नेत. रविवारी बाईंचे यजमानही मोकळे असत, म्हणून तेही निघत.

आता बोला! रविवारची दुपार. प्रतापनगरच्या पलीकडं गिरणीकामगारांची आमची वस्ती. रिक्षातून उतरतं कोण, तर काठापदराच्या लुगड्यातल्या पोक्त बाई आणि टोपी घातलेले यजमान. मागून सायकलवर इस्त्रीच्या पँटीतला, नीट भांग पाडलेला तरुण. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून बाईंनी पिशवीभर संत्री आणलेली. लोकांनी दुसरं काय समजावं?

शेजारची काकू मागच्या दारानं आत घुसली. "अवं, पाव्हणे आले! पोरीले पाहाले आले! पातळ नेसव तिले लवकर!"

आईबाबांनी कधी शाळेची पायरी चढली नव्हती, बाईंना ते ओळखणार कुठून? माझी आत्या न सांगता स्थळं पाठवायची, हेही तिनंच पाठवलं असेल असं आईला वाटलं. तिनं ताईला पातळ नेसवलं, पोहे टाकले. बाबा सतरंजी अंथरून पाहुण्यांना विचारत बसले, येताना त्रास तर नाही ना झाला. बाईंनाही वाटलं, काय अगत्याची माणसं आहेत!

मी नळावरून आले तेव्हा दारात बायकांची ही गर्दी. त्यांच्यातून डोकं घातलं तर ताई खाली मान घालून पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. मान वर केली आणि समोर मोठ्या बाई! बशी हातातून सुटता सुटता राहिली.

"अगं, अशी काय नटलीस तू?" बाई म्हणाल्या, आणि मग सगळा उलगडा झाला. बाबा तर हसता हसता खोकायला लागले. सरांनी माझी पाटी मागून घेतली, तिच्यावर एक त्रिकोण काढला आणि तिसरा कोन काढायला सांगितला. ताईनं पातळ सावरत गणित सोडवलं. बरोबर आलं. "शाबास! हिला येतं की!" सर म्हणाले. त्या वेळी ताईचं तोंड जसं फुललं, तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बाबांनी बाईंना शब्द दिला, "पोरगी उद्यापासून शाळेत येईन."

ती गेलीही. जादा तासाला बसू लागली. घरी येऊन चुलीपुढं कोळशानं त्रिकोण काढायची. आई ओरडायची आणि मग पुसायचीही नाही.

पण दारातल्या बायकांनी पाहिलं होतं ते पाहिलंच होतं. पातळ, पोहे, प्रश्न विचारणारा मुलगा. "काय निरोप आला वं?" नळावर आईला विचारायच्या. आई सांगून थकली की ते शाळेवाले होते. "शाळेवाले कायले येतील बाप्पा कोणाच्या घरी? मास्तर कधी आले काय आपल्या मोहल्ल्यात?" हेही खरंच होतं, याआधी कधीच कुणी आलं नव्हतं. निरोप आला नाही, म्हणजे पोरगी नापसंत झाली. एवढंही चाललं असतं. पण ताई रोज त्याच सरांच्या तासाला थांबून उशिरा परतते हे कळलं, आणि तोंडांना काही धरबंधच उरला नाही. "ज्यानं नाही म्हटलं, त्याच्याच मागं जाऊन राहिली."

बाबा आधी भांडले. मग गिरणीत कुणीतरी तोंडावर बोललं, आणि ते गप्प झाले. त्या जिभा झडल्या कशा नाहीत, असं मला अजून वाटतं. आत्यानं खापा गावचं स्थळ आणलं. मोठ्या बाई पुन्हा आल्या, या वेळी एकट्याच. बाबांनी त्यांच्यापुढं नुसते हात जोडले. उन्हाळ्यात लग्न लागलं. हळद लागल्यावर ताई मला एवढंच म्हणाली, "आत्ता कुठं मले गणित समजून राहिलं होतं वं."

माझी दहावी झाली. पुढंही शिकले. माझ्या घरी मात्र कुणी आलं नाही. बाई तोवर शहाण्या झाल्या होत्या, आयांनाच शाळेत बोलवायच्या.

पुष्कळ वर्षांनी मी खाप्याला ताईकडं गेले होते. तिची मुलगी नुकतीच पाचवीत गेली होती. दुपारी दोन शिक्षक गल्लीत आले, मुलींची गळती होऊ नये म्हणून घरोघर फिरत होते. मला इतका आनंद झाला! मी उठून "या ना सर" म्हणणार, तोच ताई धावत गेली आणि उंबरठ्यावर दोन्ही हात पसरून दार अडवून उभी राहिली. पोरगी आत अभ्यास करत होती.

"गुरुजी, हात जोडते," ती म्हणाली. "पोरगी शिकन, मी शिकवीन तिले. म्हणाल तेव्हा शाळेत येऊन बसीन. पण माह्या घरात पाय नका ठेवू."