केशरबाईचा गजर

केशरबाईला राग आला की ती भांडी घासते. घासलेली असली तरी पुन्हा घासते. त्या दिवशी पिंगळीत तिच्या अंगणातून सकाळपासून पातेल्यांचा जो दणका चालला होता, त्यावरून गल्लीनं ओळखलं की आज तिच्या नवऱ्याचं, सिताराम आज्याचं काही खरं नाही.

कारण होतं दीड मिनिटाचं एक जुनं चित्रण. ते आठवडाभर गावातल्या मोबाइलवर फिरत होतं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. गावात टीव्ही एकच, तोही ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात. मुंबईच्या टीव्हीवाल्यांनी तेव्हा ‘दोघांतली गोष्ट’ नावाचा एक अजब कार्यक्रम काढला होता. गावोगाव फिरून जोडपी धरायची. नवऱ्याला घराबाहेर पिटाळायचं आणि बायकोला कॅमेऱ्यापुढं विचारायचं, ‘यांनी काय दिलं म्हणजे यांचं तुमच्यावर प्रेम आहे असं वाटेल?’ बायकोनं काय मागितलं ते नवऱ्याला महिनाभरानं कळायचं, साऱ्या महाराष्ट्रासोबत, टीव्हीवर. दोघांतली गोष्ट कसली, सगळ्या राज्याला एकाच दमात वाटलेली.

केशरबाई तेव्हा बावीसची. सातवीत शाळा सुटली होती, म्हणून दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. परभणीत सकाळी सातचा क्लास, त्यासाठी पाचची गाडी, आणि गाडीच्या आधी अख्ख्या घराच्या भाकरी. नवरा सेलूला कापसाच्या जिनिंगवर, शनिवारी यायचा. घरात घड्याळ नव्हतं. सासूला उठवायला सांगावं तर ती म्हणायची, “कलेक्टर व्हायचंय का तुला?” दोनदा गाडी चुकली होती. म्हणून टीव्हीवाल्या बाईंनी विचारल्यावर केशरबाईनं जराही विचार केला नाही.

“मला गजर पायजे.”

त्या बाईंच्या वेणीतच मोगऱ्याचा गजरा होता. त्यांना दुसरं काही ऐकू येण्याची सोयच नव्हती. “अय्या, गजरा! किती गोड!” म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यापुढं चित्रणात केशरबाईचे नुसते ओठ हलताना दिसतात, कारण तिथून पार्श्वसंगीताची सतार सुरू होते.

कार्यक्रम सितारामनं सेलूतच पाहिला आणि त्या शनिवारी गजरा घेऊनच उतरला.

“आवो, मी गजर म्हणले व्हते. घड्याळाचा.”

“आता लाजायलीस व्हय? साऱ्या मुलखानं ऐकलं, म्या काय बहिरा हाय?”

तिनं पुढच्या शनिवारी सांगितलं, त्याच्या पुढच्याही सांगितलं. पण टीव्ही एका बाजूला आणि बायको एका बाजूला, त्यात सितारामनं टीव्ही धरला. गाड्या चुकतच राहिल्या. दिवाळीपर्यंत क्लासच्या सरांनी वहीतून तिचं नाव खोडलं. गाव तिला ‘गजरावाली केशर’ म्हणू लागलं. सितारामला त्याचा मोठा अभिमान, दर शनिवारी गजरा ठरलेला. मोगऱ्यानं केशरबाईचं कपाळ ठणकायचं, म्हणून ती गजरा शेळीपुढं टाकायची. या सगळ्या प्रेमकथेत खरं सुख काय ते त्या शेळीला लाभलं.

अडतीस वर्षं असं चाललं. आता ते चित्रण कुणाच्या तरी जुन्या कॅसेटमधून वर आलं, आणि गावातल्या तरुण मंडळाचा योगीराज दारात उभा राहिला.

“काकू, चौदा फेब्रुवारीला तुमचा सत्कार हाय. आदर्श जोडपं! काका स्टेजवर तुमाला गजरा माळणार.”

“त्यो गजरा तुझ्या डोक्यात माळ, मुडद्या!” म्हणत केशरबाईनं पातेलं आपटलं. योगीराजला तेही गोड वाटलं.

नात धम्मशीला परभणीत कॉलेजला, सत्काराच्या आदल्या दिवशी घरी आली. तिनं कानात हेडफोन घालून चित्रण चार-पाचदा ऐकलं आणि ओरडली, “आज्जी! सतारीच्या खालून तुझा आवाज येतोय. ‘गजरा न्हाई ओ बाई, गजर. घड्याळाचा.’”

केशरबाईनं हेडफोन काढून घेतला आणि नवऱ्याच्या कानात कोंबला. सितारामनं एकदा ऐकलं. परत लावायला सांगितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

“खरंच की,” तो म्हणाला. “पर आता काय करता? पत्रिका वाटल्यात पोरायनं. उद्याच्याला घे माळून गुमान.”

त्या ‘गुमान’नं सगळं बिघडलं. अडतीस वर्षांची चूक तिनं एक वेळ गिळलीही असती.

स्टेजवर सितारामनं गजरा उचलला. केशरबाईनं त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं योगीराजचा माइक काढून घेतला.

“मी गजर मागितला व्हता. घड्याळाचा. मला दहावी व्हायचं व्हतं.”

लोक हसले. आज्जी लय विनोदी, असं कुणीतरी म्हणालं.

“हसू नका!” माइक किंचाळला. “ह्यांनी टीव्हीचं ऐकलं, माझं न्हाई. तुमी बी तेच ऐकलं. मी त्यात बोलत व्हते, दिसत व्हतं ना तोंड हलताना? मंग एकानं तरी विचारलं, बाई काय म्हणतीस?”

सिताराम गजरा धरून उभा. म्हणाला, “आता गजर मोबाइलातच असतोय की.”

“मोबाइलनं माझ्याशी लग्न न्हाई केलं.”

ती उतरून घरी गेली. गजरा सितारामच्या हातातच राहिला. त्या दिवशी गजऱ्याला शेळीसुद्धा मिळाली नाही, ती मागंच विकली होती.

पुढच्या शनिवारी तो परभणीला गेला. किल्लीचं घड्याळ आता कोण विकतंय? दुपारपर्यंत दुकानं पालथी घातली आणि एका दुरुस्तीवाल्याकडून जुनं, वर दोन घंटा असलेलं घड्याळ मिळवलं. घरी येऊन ते त्यानं बायकोपुढं ठेवलं.

केशरबाईनं आभार मानले नाहीत. किल्ली दिली, कानाशी धरून टिकटिक ऐकली, काटा चारवर आणला. मग उठून घड्याळ त्याच्या उशाला ठेवलं.

“माझ्या उशाला कशाला?”

“चारला तुमी उठायचं. भाकरी तुमी टाकायच्या. मी अभ्यासाला बसणार.”

“आगं, पर दहावीचा फॉर्म तर ऑगस्टात निघतोय!”

“निघू द्या,” ती पातेलं उचलत म्हणाली. “तवर भाकरी गोल करायला शिका.”