‘बोट इली’ म्हणजे आग

आमच्या घराचे छप्पर झावळांचे होते आणि वडील आगबोटीवर नोकरीला होते. वर्षाचा बराच काळ ते समुद्रावर असत. घरात आई, आम्ही दोघी बहिणी आणि पडवीतल्या खाटेवर आजोबा. आजोबांना चालता येत नसे.

एका हिवाळ्यात वडील रजेवर आले, ते बोटीवरची मोडीत निघालेली पितळी घंटा घेऊन. शेजारच्या वाडीतले एक घर जळाल्याचे त्यांना वाटेतच कळले होते. माणसे वेळेवर बाहेर पडली होती, पण वडिलांच्या डोक्यातून ते जाईना. "म्हाताऱ्याक भायर कोण काढतलो?" हा एकच प्रश्न ते जेवतानाही विचारत.

त्यांनी छपराखाली दोरा ताणला. त्याच्या मधोमध मेणाचा सांधा केला, एका टोकाला दगड बांधला आणि दगडापासून घंटेपर्यंत दुसरी दोरी नेली. खाली जाळ झाला की मेण पाघळणार, सांधा सुटणार आणि पडत्या दगडाच्या हिसक्याने घंटा वाजणार, अशी ती योजना होती.

पहिल्यांदा सांधा चुलीच्या वर आला. दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्या भाजत असताना घंटा वाजली. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काय गो, आज नैवेद्य लवकर?"

"माझी भाकरी फुगली, ता गावाक कळूक होया काय?" आई वडिलांना म्हणाली.

वडिलांनी सांधा माळ्यावर हलवला. तिथे नारळाच्या सोललेल्या साली, सुकी सोडणे, रचलेली असत. मग सराव सुरू झाला. घंटा वाजली की आजोबांना घोंगडीवर घ्यायचे. डोक्याकडे आई, पायांकडे आम्ही दोघी. थेट अंगणातल्या फणसाखाली. ट्रंकेसाठी, भांड्यांसाठी परत आत जायचे नाही. आणि शेजारी धावून यावेत म्हणून ‘आग, आग’ असे ओरडायचे.

इथे आई अडली. "तिन्हीसांजेचा घरात तसला बोलाचा नाय. वास्तुपुरुष तथास्तु म्हणता."

"मग काय ‘पाऊस’ म्हणान बोंबलतलंस?"

खाटेवरून आजोबांनी तोडगा काढला. "‘बोट इली’ म्हणा. ता आयकान घरात कोण रवता?"

ते खरे होते. आगबोटीचा भोंगा झाला की वाडीतली माणसे हातातले काम टाकून बंदराकडे धावत. आईला शब्द शुभ वाटला. वडिलांनी शेजाऱ्यांना तो समजावून सांगितला आणि ते नोकरीवर गेले.

मे महिन्यातल्या एका दुपारी घंटा वाजली. आईने तवा उतरवला आणि जीव खाऊन ओरडली, "बोट इली! बोट इली!"

ते चाकरमान्यांच्या येण्याचे दिवस होते. वाडीतली सगळी माणसे धावली, पण बंदराकडे. शेजारणीने तर जाता जाता आईला हाक मारली, "येतंस मा गो?"

आम्ही तिघींनी घोंगडी उचलली. दारात आजोबांनी चौकट धरली आणि तंबाखूची चंची मागितली. "चंची ऱ्हवांदे, मामंजी. हात सोडा," आई म्हणाली. सासऱ्यांना तिने असे बजावल्याचे मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकले. फणसाखाली त्यांना टेकवून आम्ही छपराकडे बघत राहिलो. धूर नव्हता. उन्हाने तापलेल्या छपराखाली मेण वितळले होते, एवढेच.

शेजारी घामाघूम होऊन परतले. "खंय आसा बोट?" त्यांनी विचारले. आजोबा हसून हसून खोकत होते.

आईने घंटा काढली नाही. होड्यांना लावतात ती राळ मेणात मिसळून तिने सांधा घट्ट केला. शेजाऱ्यांसाठी परात बडवायचे ठरले. शब्द आमच्या घरापुरता राहिला.

पुढच्या रजेला वडील आले, तेव्हा भोंगा झाला आणि वाडीत नेहमीची हाळी उठली, "बोट इली!" आजोबांनी ताबडतोब हात पुढे केले. आईने घोंगडी आणली.

वडील ट्रंक घेऊन अंगणात शिरले, तर आजोबा फणसाखाली बसलेले, चंचीशिवाय.

"ह्यांका हय कित्याक बसयलंस?" वडिलांनी विचारले.

"तुमीच ठरयलात ना," आई म्हणाली. "बोट इली की भायर."

वडील ट्रंक खाली ठेवून छपराकडे बघू लागले.

"बघतस काय?" आजोबा म्हणाले. "आता माका आत कोण न्हेतलो?"