देवाला पालथं कसं घालायचं?

नाशिकच्या एका अभ्यासमंडळाने जुनी खगोलयंत्रं आणि पोथ्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं, आणि देवळ्याला आमच्या मामांकडे निरोप आला: पणजोबांचा पितळी यंत्रराज आणि त्याची पोथी द्याल का? ताऱ्यांची उंची मोजायचं हे थाळीएवढं यंत्र मामांच्या देवघरात असतं. मामा निवृत्त मास्तर. यंत्राविषयी तासभर बोलू शकतात आणि बोलतातच. पोथी धरायला मी, यंत्र मांडीवर घ्यायला मामी, असे आम्ही तिघे एसटीत बसलो.

तुम्हीही येणार असाल तर चांदवडमार्गे या. घाटात पोट सांभाळा, ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे. पिंपळगावला गरम भजी मिळाली. नाशिकला द्वारका चौकात उतरल्यावर रिक्षावाल्याशी मामांनी इतकी घासाघीस केली की तेवढ्यात चालत पोचलो असतो.

मंडळाच्या सभागृहात बाकीची यंत्रं काळपट, आमचं लखलखीत. मामीने दसऱ्याला घासते तसं चिंचेने घासून आणलं होतं. चिटणिसांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काठावरचे अंक जवळजवळ झिजून गेले होते.

"लग्न झाल्यापासून मीच घासते," मामी बारीक आवाजात म्हणाली. "माझ्याच हातानं गेले म्हनायचे."

मामांनीसुद्धा भाषण आवरतं घेतलं. मग चिटणिसांनी यंत्र उलटलं. मागची बाजू काळी, पण अंक न् अंक शाबूत. ते खूश होऊन म्हणाले, असंच ठेवू या.

"पालथं?" मामी उठलीच. "देवाला कोनी पालथं घालतं का? मी कधी उलटवलं नाय, म्हनून तर शाबूत हाय."

पुढच्या बाजूवरून कोणाला काही कळणार नाही, असं चिटणिसांचं म्हणणं. मामीने यंत्र फडक्यात बांधायला घेतलं. नुसती पोथी तरी ठेवा असं मी म्हटलं, तर ती जोडी फोडायला तयार नाही. मला परतीची गाडी दिसू लागली.

शेवटी चिटणिसांनीच हार मानली. भिंतीजवळचं टेबल सभागृहाच्या मधोमध ओढलं, स्टँडवर यंत्र उभं केलं. तोंड दाराकडे, पाठ पोथीकडे. टेबल आम्ही सगळ्यांनी ढकललं. मामांनी सूचना दिल्या.

संध्याकाळी विद्वान मंडळी पुढून बघायची, वळसा घालून मागचे अंक वाचायची, पुन्हा पुढे यायची. मामीने मला कोपर मारलं. "बघ, एवढी शिकलेली मानसं, पन प्रदक्षिणा घालताहेत." सगळ्यात जास्त चिटणीसच फिरत होते. मामीचा चेहरा खुललेला बघून मला फार बरं वाटलं.

प्रदर्शन संपलं, यंत्र घरी आलं. मामीने ते देवघरातही उभंच ठेवलं. मग मामांकडे वळून म्हणाली, "एवढी वर्सं पुजलं. आता वाचायचं कसं ते सांगा."

मामांनी चष्मा पुसला, यंत्र पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग म्हणाले, "मला येत नाही."

मला हसू आलं आणि मामांबद्दल मायाही वाटली. मामी मात्र हसली नाही. "मग चला," ती म्हणाली, "त्या चिटणिसांना विचारू."

रविवारी दोघं पुन्हा नाशिकच्या गाडीत बसली. या वेळी मला कोणी बोलावलं नाही.