'नाही'चं बटण

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा अधिकार अजून कमावलेला नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पण राजाजीनगरच्या आमच्या खानावळीत रोज समोर बसणाऱ्या माणसाबद्दल लिहावंसं वाटतं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो नागपूरचा, आयटीतला. कन्नडातला एकच शब्द शिकला होता, 'सरी', म्हणजे 'बरं'. खानावळीच्या अक्का चटणी संपली म्हणाल्या तरी 'सरी'.

सांबारात बुडवलेली इडली विसरून तो मला समजवायचा, "जुने गोष्टीवाले गेम सगळे सारखेच रे. एक गाव, एक संकट, एक म्हातारा. तो विचारतो, 'जग वाचवायला जाशील?' 'नाही' दाबलं की पुन्हा तेच विचारतो. 'हो' म्हणेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही."

तो स्वतः बनवत असलेल्या गेममध्ये 'नाही' म्हणजे नाहीच असणार होतं. नागपूरला परतलो तर गेम अर्धाच राहील, म्हणायचा.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन यायचा, स्पीकरवर. "वापस येतो काय रे? बाबांचं दुकान कोण पाहील?"

"नाही, आई."

"बरं, जेव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "वापस येतो काय रे?"

मला हसू यायचं. त्याला यात काही सारखं दिसत नसे.

परीक्षेनंतर आलो तर समोरची खुर्ची रिकामी. अक्कांना विचारलं.

"ते अण्णा? नागपूरला गेले की. आई परत विचारली म्हणे. हे सरी म्हणाले."